चौगुले वहिनींचं आजारपण

जयवंती एकदा चालू नाटकात मोठ्याने बोलली आणि त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याने तिला नाटकाला नेणं सोडलं.

झालं होतं असं. कृष्णातला कंपनीत नुकतंच मॅनेजर केलं होतं आणि साहेब लोकांनी सगळ्यांना बायकांसकट वाशीच्या नाट्यगृहात नेलं होतं. कृष्णात पाचव्या रांगेत, मोठ्या साहेबांच्या शेजारी, नवी इस्त्री मोडू नये तसा बसला होता. स्टेजवरची नायिका नवऱ्याने लपवलेलं पत्र घरभर शोधत होती. कपाट झालं, गादी झाली, देव्हारा झाला. जयवंतीचा जीव वरखाली होत होता. शेवटी तिला राहवलं नाही.

"अगो बाय, त्याच्या कोटाच्या खिशान बघ ना!"

तिचा आवाज साधा नव्हता. तळवली गावातली तिची आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत लग्न लावून देते, ती बाई. आत्याच्या मांडीला मांडी लावून जयवंती लहानपणापासून गायची. पाचशे माणसांचा मांडव, वर भटारखान्याचा गोंधळ, आणि माईक नाही, असल्या जागी कमावलेला आवाज तो. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. सगळे खदखदून हसले. नायिकासुद्धा ओठ दाबून क्षणभर पाठमोरी झाली. मोठ्या साहेबांनी तर टाळी वाजवली.

जयवंतीला वाटलं, आपण मैफल रंगवली. मांडवात असंच तर असतं. गाणारी गाते, बायका उत्तर देतात. तिने हसतहसत नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं होतं. परतताना गाडीत त्याने ऐरोली येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाला, "चार माणसांत कसं बसायचं ते तुला कळत नाही. चूक माझीच आहे, तुला आणायला नको होतं."

हाच कृष्णात पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या खेड्यातून रबाळ्याच्या कंपनीत लागला, तेव्हा तळवलीत जयवंतीच्या बापाच्या चाळीत भाडेकरू होता. तिचे धवले ऐकायला लग्नाचं आमंत्रण नसताना मांडवाच्या कडेला उभा राहायचा. पुढे बापाशी भांडून तिने त्याच्याशी लग्न केलं. गावच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उठली, तेव्हा बापानेच राग गिळून त्यातला एक फ्लॅट लेकीच्या नावाने केला. कृष्णात त्या फ्लॅटमध्ये राहायला आला, हळूहळू चांगली शुद्ध भाषा बोलायला शिकला, आणि बायकोला "हाय नाय म्हणू नकोस, आहे नाही म्हण," असं सांगायला लागला. जयवंतीने दोनचार महिने प्रयत्न केला, मग सोडून दिला.

त्या नाटकानंतर त्याचं शनिवारचं ऑडिट सुरू झालं. प्लांटमध्ये दर शनिवारी संध्याकाळी ऑडिट असतं, थांबावं लागतं, म्हणाला. जयवंतीने विश्वास ठेवला. कधीकधी तो परत येताना डबा घेऊन यायचा. मऊ मुगाची खिचडी, नाहीतर तुपातला पातळ शिरा, कधी नाचणीची आंबील. "कँटीनवाल्याने दिलंय." जयवंती म्हणायची, "तुमच्या कँटीनवाल्याला मीठ-मसाला मिलत नाय काय?" आणि खायची. अन्न टाकायचं कशाला?

अशी नऊ वर्षं गेली. लेक श्रुती शिकली, पुण्याला नोकरीला लागली. जयवंती ओळखीपाळखीच्या लग्नांत धवले म्हणायला जात राहिली. एका फेब्रुवारीत घणसोलीला हळद होती. धवले संपले तशी एक गोरीशी बाई, चष्मेवाली, मोबाईल घेऊन तिच्याजवळ आली. नवरीच्या ऑफिसातली कोणीतरी होती, नेरूळला राहणारी. नाव स्मिता.

"काय आवाज आहे हो तुमचा! मी व्हिडिओ केलाय, आमच्या रसिक मंडळात दाखवते. तुमचं नाव काय लिहू?"

"जयवंती चौगुले."

"चौगुले? आगऱ्यांत चौगुले असतात?"

"नाय ओ. नवरा कोल्हापूरचा. कृष्णात चौगुले, रबाळ्याला कंपनीन मॅनेजर हाय."

स्मिताचा चेहरा उतरला. मोबाईल धरलेला हात खाली आला.

"पण कृष्णात चौगुले आमच्या मंडळात आहेत," ती सावकाश म्हणाली. "शनिवार रसिक मंडळ. आम्ही सगळे दर शनिवारी नाटकाला जातो, गाण्याला जातो. त्यांच्या मिसेस तर… त्यांना अर्धांगवायू झालाय ना? नऊ वर्षं अंथरुणाला खिळून आहेत त्या."

जयवंतीला आधी वाटलं, दुसरा कोणी कृष्णात चौगुले असेल. स्मिताने मोबाईलमधला फोटो दाखवला. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर पंधरावीस माणसं उभी होती आणि मधोमध, जयवंतीनेच दिवाळीला घेतलेल्या आकाशी कुडत्यात, कृष्णात हसत होता.

"मला कळेना झालंय," स्मिता म्हणाली. "आम्ही तुमच्यासाठी डबे देतो हो. मी स्वतः देते. गिळायला त्रास होतो म्हणाले होते, म्हणून मऊ खिचडी करते, तिखट न घालता. नऊ वर्षं करतेय मी."

जयवंती मांडवाच्या खुर्चीत बसली. शेजारी तिची मोठी भावजय पुतळा होती, तिने घाईने पाणी आणून दिलं. जयवंतीच्या तोंडात त्या खिचडीची चव आली. आजाऱ्याचं अन्न. ती धडधाकट बाई, लिफ्ट बंद पडली की चार मजले जिने चढणारी, नऊ वर्षं आजाऱ्याचं अन्न खात होती आणि मीठ कमी पडलंय म्हणून हसत होती.

"आनी काय काय सांगलंय त्यांनी?" तिने विचारलं.

स्मिताने सगळं सांगितलं. मंडळाने चौगुले वहिनींसाठी एकदा सत्यनारायण घातला होता. कोणी भेटायला येतो म्हटलं की कृष्णात डोळे पुसायचा, म्हणायचा, तिला लोकांनी अशा अवस्थेत पाहिलेलं आवडत नाही. मंडळाचे अध्यक्ष दिनानाथ सर नव्या सभासदांना सांगायचे, रसिकता पाहायची तर चौगुल्यांची पाहा, घरी एवढं दुःख असून माणूस कलेसाठी वेळ काढतो. आणि शेवटचं सांगताना स्मिता जरा चाचरली. एप्रिलमध्ये मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. त्या सोहळ्यात कृष्णातचा सत्कार ठरला होता.

"मी आजच सरांना फोन करते," स्मिता म्हणाली. रागाने तिचं नाक लाल झालं होतं.

"नको करू," जयवंती म्हणाली. "बाय, तू माझ्यासाठी नऊ वर्षं चुलीपाशी उभी राहिलीस. आता दोन महिने गप राहा. सत्कार होऊ दे."

पुतळा वहिनी परतताना रिक्षात रडली. जयवंती रडली नाही. तिला आत काहीतरी गार आणि टणक बसल्यासारखं वाटत होतं आणि ते काढून टाकावं असं मुळीच वाटत नव्हतं.

घरी कृष्णात टीव्ही पाहत होता. "कशी झाली हळद?" त्याने विचारलं.

"बरी झाली," ती म्हणाली आणि त्याला जेवायला वाढलं. मुगाची खिचडी, बिनमिठाची. तो दोन घास खाऊन थांबला.

"अगं, मीठ घालायला विसरलीस."

"हलकं खावं. वय झालं आता."

पुढच्या शनिवारी तो ऑडिटला निघाला आणि अर्ध्या तासाने जयवंती पुतळा वहिनीला घेऊन निघाली. वाशीला मंडळ कुठलं नाटक पाहणार ते स्मिताने कळवलं होतं. दोघींनी बाल्कनीतली तिकिटं घेतली, कठड्याला लागून. खालच्या चौथ्या रांगेत मंडळ बसलं होतं. कृष्णातचा मागून विरळ झालेला डोक्याचा भाग वरून स्पष्ट दिसत होता.

मध्यंतरात त्या दोघी जिन्याच्या वळणावर पदर डोक्यावरून ओढून उभ्या राहिल्या. खाली बटाटेवड्यांच्या स्टॉलजवळ एक म्हातारे गृहस्थ, पांढरी मिशी, कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होते, "आज कशी आहे तब्येत?"

"आज सकाळी जरा बोट हललं, सर," कृष्णात म्हणाला. "उजव्या हाताचं. करंगळी."

"वा! वा! देव पावला म्हणायचा."

वर जिन्यात पुतळा वहिनीने तोंडात पदर कोंबला. जयवंतीने स्वतःच्या उजव्या हाताची करंगळी वर करून पाहिली. याच हाताने तिने सकाळी त्याच्यासाठी पाच किलो तांदूळ निवडले होते.

रात्रीच्या जेवणाला तिने सहज विचारलं, "ऑडिट कसं झालं?"

"नेहमीसारखंच. डोकं उठतं."

"साहेब खूश होते?"

"हो. म्हणजे, ठीक होते."

"कंचे साहेब आलते?"

कृष्णातला पटकन नाव सुचेना. तो भातात आमटी कालवत राहिला. जयवंतीने उत्तराची वाट पाहत तोंडाकडे टक लावली. असा तो अडकलेला पाहताना तिला जे वाटलं ते सुखच होतं, त्याला दुसरं नाव तिला देता आलं नसतं. मग दर शनिवारी तिने हा खेळ चालवला. एकदा म्हणाली, मीही येते, कंपनी तरी बघीन. एकदा म्हणाली, ऑडिटच्या लोकांना एक दिवस घरी जेवायला आणा, जिताड्या माशाचं कालवण करते. एकदा तर त्याने शर्टाला नाट्यगृहातल्या गजऱ्यांचा वास आणला, तेव्हा म्हणाली, तुमच्या प्लांटमध्ये आता मोगऱ्याचं केमिकल बनतं काय? तो प्रत्येक वेळी नवं खोटं रचायचा आणि ती ते नीट लक्षात ठेवायची.

पण या सगळ्यात एक भलतंच झालं. वर बाल्कनीत बसून नवऱ्याच्या डोक्याकडे पाहता पाहता जयवंती नाटकं पाहायला लागली. पहिल्या शनिवारी तिने अर्धंमुर्धंच पाहिलं. दुसऱ्या वेळी दोनच माणसांचं नाटक होतं, म्हातारा बाप आणि मुलगी, स्टेजवर एक टेबल आणि दोन खुर्च्या. बाप मुलीला ओळखेनासा होतो तिथे जयवंती कृष्णातला पार विसरली. तिसऱ्या वेळी शास्त्रीय गाणं होतं. गवई पाऊण तास एकाच जागी घुटमळतोय असं तिला वाटलं, ती जांभया देत होती. मग त्याने वरचा सूर लावला आणि तिथेच धरून ठेवला, तेव्हा तिच्या हातावर काटा आला. तिला आत्या आठवली. नवरीला उठवताना आत्या असाच सूर धरायची आणि मांडवातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. ही विद्या तिला परकी नव्हती. तिचीच होती, आणि कृष्णातने तिला सांगून टाकलं होतं की तुला कळत नाही.

त्या दिवशी तिचा राग दुप्पट झाला. खोट्या आजारपणाचा राग होताच. पण नऊ वर्षांचे शनिवार! एवढी नाटकं, एवढी गाणी, एवढ्या उजळलेल्या संध्याकाळी तिच्या घरापासून अर्ध्या तासावर होत होत्या आणि ती टीव्हीसमोर मेथी निवडत होती. हे त्याने तिच्याकडून घेतलं होतं आणि ते परत करायची कुठलीही सोय नव्हती.

सोहळा एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाचला, वाशीच्या त्याच नाट्यगृहात होता. कृष्णातने त्या दिवशी नवा रेशमी कुडता काढला.

"ऑडिटला?" जयवंतीने विचारलं.

"बाहेरची पार्टी आहे आज."

"छान दिसताव," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

तो गेल्यावर तिने आत्याचं हिरवं लुगडं नेसलं. लग्न लावायला जाताना नेसायची, तेच. डोईत अबोलीचा गजरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. तळवलीहून पुतळा वहिनी आली, आणि एकटी आली नाही, सात बायका घेऊन आली. स्मिताने त्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं आणि शेवटच्या रांगेत बसवलं.

आधी भावगीतं झाली, मग भाषणं. मग दिनानाथ सर मानपत्र वाचायला उभे राहिले. कृष्णात त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. सर मनापासून वाचत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"…ज्यांच्या सहधर्मचारिणी गेली नऊ वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना स्वतःच्या हाताने भरवून, त्यांचं सारं करून, हा माणूस रंगदेवतेच्या दारी येत राहिला…"  सरांनी कागद खाली केला. "मित्रहो, मी एक विनंती करतो. आपण सगळे उभे राहू. एक मिनिट डोळे मिटू आणि चौगुले वहिनींना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करू."

आठशे माणसं उभी राहिली. खुर्च्यांच्या बैठका फटाफट वर उडाल्या आणि मग शांतता पसरली. सगळ्यांचे डोळे मिटले. कृष्णातनेही मिटले.

जयवंती मधल्या वाटेने चालायला लागली. तिला घाई नव्हती. पावलागणिक बांगड्या वाजत होत्या. एकदोघांनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि पुन्हा मिटले. स्टेजच्या पाच पायऱ्या ती चढली, नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याने डोळे उघडायची वाट पाहिली.

त्याने उघडले.  नारळ हातातून सुटला आणि गडगडत तबल्यापर्यंत गेला.

"बसा सगले," जयवंती म्हणाली. समोर माईक होता, तिने तो बाजूला सारला. "तुमची प्रार्थना देवानं लगेच आयकली. मी चौगुले वहिनी. मी बरी झाले."

कोणी बसलं नाही. दिनानाथ सर तिच्याकडे, मग कृष्णातकडे पाहत राहिले. "चौगुले, हे काय आहे? या कोण?"

"त्यांना इचारू नका, त्यांची वाचा गेली," जयवंती म्हणाली. "मी सांगते. मी कवाच आजारी नवती. नऊ वर्षांत मना ताप आला दोनदा. मी लग्नं लावते, गाते, मासली आनते, चार मजले चढते. नऊ वर्षांपूर्वी याच नाट्यगृहान मी नाटक चालू असताना मोठ्यानं बोलली. माझी भाषा यांना लाज आनते. मना घरान ठेवायचं तर ठेवलं असतं, पन यांनी मना अंथरुनाला खिलवली. तुमी माझ्यासाठी खिचडी धाडलीत. पूजा घातलीत. तुमचं माझ्यावर उपकार हाय, मी तुमच्या पाया पडते." ती खरोखर वाकली. मग सरळ झाली आणि कृष्णातच्या खांद्यावरची शाल उतरवून तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली. "ही माझ्या आजारपनाची हाय. ती मी नेते. यांची करंगली तेवढी हलते काय बघा."

मागच्या रांगेत पुतळा वहिनी हसली, आणि ती हसली तशा तळवलीच्या साती बायका हसल्या. त्यांचं हसू पुढे पुढे सरकत आलं. आधी बाल्कनी, मग मधल्या रांगा, शेवटी मंडळाचे सभासदसुद्धा, काही हसत होते, काही संतापून ओरडत होते. कोणीतरी शिट्टी घातली. स्मिता पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती, डोळ्यांत पाणी. दिनानाथ सरांनी मानपत्राचे दोन तुकडे केले, चार केले, आणि ते खिशात घालून स्टेजवरून उतरून गेले. कृष्णात मधोमध उभा होता. त्याला जायचं कुठून तेच कळत नव्हतं. पडदा पाडणाऱ्याला दया आली असावी. पडदा पडला.

जयवंती बायकांबरोबर रिक्षाने घरी आली. कृष्णात तिच्या आधी पोचला होता. दिवाणावर बसला होता, कुडत्याच्या बाहीने तोंड पुसत.

"म्या एकदाच म्हटलं हुतं गं," तो म्हणाला. शिकलेली भाषा सुटली होती, गावाकडची वर आली होती. "पैल्यांदा गेलो तवा सगळ्यांनी इचारलं, मिसेस कुठं. म्हटलं, बरं न्हाई तिला. दुसऱ्या बारीला इचारलं, बरं हाय का. काय सांगणार? म्हटलं, न्हाई अजून. मग त्येच वाढत गेलं. लोक चांगलं बोलाय लागली. मला कोण चांगलं बोललं हुतं कधी? मला परत फिरता येईना झालं, जयवंते."

जयवंतीने ऐकून घेतलं. तिला ते खोटं वाटलं नाही. असंच झालं असणार.

"नऊ वर्षांत किती शनिवार येतात?" ती म्हणाली. "त्यातल्या एका शनिवारी मना घेऊन गेला असतात आनी म्हटलं असतं, बघा, उठून चालाय लागली, तर त्यांनी पेढे वाटलं असतं. तुमाला मी आजारीच बरी वाटत होती."



दुसऱ्या दिवशी श्रुतीचा पुण्याहून फोन आला. कोणीतरी केलेला व्हिडिओ फिरत फिरत तिच्या ऑफिसपर्यंत पोचला होता. "आई, बाबांनी चूक केली, मान्य. पण घरात बोलायचं होतंस ना. आठशे लोकांसमोर? ते तोंड कुठे दाखवतील आता?"

"त्यांनी मना खाटंवर पाडलं ते घरान नाय पाडलं," जयवंती म्हणाली. "जिथं पाडलं तिथंच मी उठले."

 श्रुती म्हणाली, "तुला बरं वाटतंय का?"

"लई बरं वाटतंय," जयवंती म्हणाली. लेकीला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं हे तिला कळलं, पण तिने शब्द बदलला नाही.

मंडळाने कृष्णातचं नाव काढून टाकलं. दिनानाथ सर स्वतः ऐरोलीला आले, जयवंतीची माफी मागून गेले, आणि दाराशी बसलेल्या कृष्णातशी बोलले नाहीत. मंडळाने तिला सभासद व्हा म्हटलं. तिने नको म्हटलं. तिला तळवलीच्या बायका पुरत होत्या. आता दर शनिवारी त्या सगळ्या मिळून निघायच्या. कधी वाशी, कधी पनवेल, कधी मॉलमधला सिनेमा, एकदा तर खारघरच्या मैदानात रॉकची मैफल, तिथे पुतळा वहिनी कानात कापूस घालून दोन तास नाचली. स्मिता कधीमधी यायची. येताना ठेचा घातलेलं काहीतरी झणझणीत आणायची.

कृष्णात पंधरा दिवस गावी राहून परत आला. जयवंतीने दार उघडलं, जेवायला वाढलं. घरातून काढावं असं तिला एकदाही वाटलं नाही. काढलं असतं तर तो कामोठ्याला नाहीतर कुठे खोली घेऊन राहिला असता, हळूहळू तिथल्या कुठल्या मंडळात शिरला असता. त्यापेक्षा इथे बरा. कारण एक गोष्ट तिला बाल्कनीतून पाहताना कळली होती. माणूस खोटा होता, पण त्याचं नाटकाचं वेड खोटं नव्हतं. अंधार झाला की तो खुर्चीत पुढे सरकायचा, नटाबरोबर त्याचे ओठ हलायचे. आता वाशीपासून पनवेलपर्यंत एका नाट्यगृहात पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती. तिकीट फाडणाऱ्यापासून वडेवाल्यापर्यंत सगळे त्याला ओळखत होते.

ती परत आली की तो टीव्ही बंद करून विचारायचा, "कसं होतं?"

"होतं."

"नवीन संच आहे म्हणे. शेवट बदललाय?"

"बदललाय."

"काय केलंय?"

ती शाल घडी करत राहायची. तिला प्रत्येक प्रवेश पाठ असायचा, कोण कुठून आलं, कुठे टाळी पडली. पुतळा वहिनीला ती फोनवर तासभर सांगायची, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. तो बाहेर कान देऊन बसलाय हे तिला ठाऊक असायचं. मग ती आवाज थोडा आणखी खाली आणायची.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी एक संगीत नाटक लागलं होतं, जुनं, फार वर्षांनी. पेपरात जाहिरात आली तशी कृष्णात ती दोनदा वाचून गेला. चार वाजता जयवंती तयार होऊन बाहेर आली, तर तो दाराजवळ उभा होता. दाढी केलेली, धुतलेला साधा पांढरा शर्ट, पायांत चपला.  नुसता उभा राहिला.

जयवंतीने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हातारा दिसायला लागला होता. खाली गेटाशी रिक्षावाला हॉर्न देत होता, बायका तिला हाका मारत होत्या.

"सरा जरा," ती म्हणाली.

तो सरला. ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटेपर्यंत त्याच्या चपलांकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी कदाचित ती त्याला चल म्हणेल, तिला सांगता आलं नसतं. या वर्षी तरी नाही.